सिगरेट सोडायला मदत करणारा कोच नेमकं करतो काय?

भोसरीकर

सिगरेटच्या पाकिटावर त्या भीतीदायक चित्राबरोबर एक नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. सप्टेंबर २०१८ पासून तो प्रत्येक पाकिटावर आहे. ओढणाऱ्या सगळ्यांनी तो पाहिलेला असतो, लावलेला मात्र फार थोड्यांनी. मी लावला. सिगरेट सुटून आता वर्ष उलटून गेलं. कंपनीतले मित्र अजून विचारतात, "फोनवर बोलून सिगरेट कशी काय सुटते?" जेवणाच्या सुट्टीत त्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगत आलोय, ते सगळं इथे एकत्र लिहितो.

आधी एवढं सांगतो की ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झालेली. नंतर मुंबई, बेंगळुरू आणि गुवाहाटीलाही केंद्रं झाली. मराठीत बोलता येतं. पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक असतात. मला जे भेटले त्यांना मी कोच म्हणतो, कारण त्यांनी माझ्याकडून सराव करून घेतला.

फोन लावताना वाटलं होतं की आता भाषण ऐकावं लागणार. कॅन्सर, फुफ्फुसं, बायकामुलं. त्यातलं काहीच झालं नाही. पहिला प्रश्न होता, "सकाळी उठल्यावर पहिली सिगरेट किती वेळात लागते?" मी म्हटलं, तोंड धुवायच्या आधी. त्यांनी कारण समजावलं. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. रात्रभराच्या झोपेत ते जवळजवळ संपतं आणि मेंदू जागा होतो तो मागणी घेऊनच. ज्याला उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत सिगरेट लागते, त्याच्या शरीराची सवय पक्की झालेली असते. नुसत्या निर्धारावर त्याचे पहिले दिवस फार जड जातात, म्हणून त्याने औषधाचाही विचार करावा.

मग त्यांनी वही करायला लावली. सिगरेट कमी करायची नाही, नेहमीसारखीच ओढायची, पण प्रत्येक सिगरेट पेटवण्याआधी लिहायचं. किती वाजले, कुठे, बरोबर कोण, आणि तलफ दहापैकी किती. आठवडाभर मी पाकिटाच्याच आत कागद घडी करून ठेवला होता. पुढच्या फोनवर आम्ही तो कागद ओळीने वाचला. निम्म्याहून जास्त सिगरेटींसमोर तलफ दोन किंवा तीन लिहिलेली होती. त्या सिगरेटी शरीराने मागितलेल्याच नव्हत्या. जॉब मशीनवर चढवून सेटिंग होईपर्यंत वाट बघायची म्हणून एक. साहेबांचा फोन संपला म्हणून एक. टपरीवर कटिंग हातात आला की दुसरा हात आपोआप खिशात. खऱ्या तलफेच्या मोजक्याच होत्या, पहाटेची, जेवणानंतरची, शिफ्ट सुटल्यावर पार्किंगमधली.

इतकी वर्षं मी "सिगरेट" नावाच्या एकाच मोठ्या गोष्टीशी झगडायला बघत होतो. त्या कागदावर तिचे वेगवेगळे प्रसंग झाले आणि प्रत्येकाचं वेगळं उत्तर शोधता आलं. ही उत्तरंही कोचनी दिली नाहीत. ते विचारायचे, "मग त्या वेळी काय करता येईल?" आणि मी बोलेपर्यंत थांबायचे. चहा टपरीऐवजी कँटीनमध्ये, तोही बसून. जेवण झालं की लगेच डबा धुवायला उठायचं आणि लवंग तोंडात टाकायची. पार्किंगमध्ये रेंगाळायचं नाही, गाडी थेट गेटबाहेर. ज्यांच्याबरोबर ओढायचो त्या दोघांना आधीच सांगून ठेवायचं की मी मागितली तरी देऊ नका. लायटर, ॲशट्रे, कपाटातलं राखीव पाकीट आदल्या रात्रीच बाहेर.

सोडायची तारीख मीच ठरवली. पहिला दिवस उत्साहात गेला. दुसरा आणि तिसरा खरा कठीण. चिडचिड, झोप नाही, पोट साफ नाही, कामात लक्ष नाही. हे सगळं होणार आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सर्वात जास्त होणार हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे आपल्याला काहीतरी भलतंच होतंय अशी भीती वाटली नाही. एकेक तलफ तीन ते पाच मिनिटं राहते. तेवढा वेळ काढायला चार साध्या गोष्टी: थोडं थांबणं, खोल श्वास, घोट घोट पाणी, हाताला दुसरं काम. कुठल्याही पत्रकात हे छापलेलं असतं आणि मीही ते कितीदा वाचलं होतं. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओळखीच्या आवाजात कोणीतरी फोनवर विचारतं, "आज चारची कशी टाळलीत?" तेव्हा तेच उपाय अंगी लागतात. उद्याही फोन येणार आहे आणि त्याला खरं सांगायचं आहे, या एका गोष्टीने मला पहिला आठवडा पार करून दिला.

कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. माहीत असेल ते नक्की सांगेन.

रानजाई

भोसरीकर, फार उपयोगी लिहिलंत. माझ्या मिस्टरांचं वय ४६, सिगरेट कॉलेजपासूनची. मी बोलले की ते गप्प होतात नाहीतर बाहेर निघून जातात. लेक आता मोठी झाली आहे, तीसुद्धा त्यांच्याशी या विषयावरून भांडते. त्यांच्या वतीने मी त्या नंबरवर फोन केला तर चालेल का?

गोदाकाठ

रानजाई ताई, मी नाशिकला दंत महाविद्यालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे, म्हणून उत्तर देतो. तुम्ही जरूर फोन करा. घरच्यांनी कसं वागावं हे विचारायला बरेच जण फोन करतात. सोडण्याचं काम मात्र त्यांच्याशीच बोलून होईल.

आमच्याकडे दात दाखवायला आलेल्या माणसाला आम्ही "सोडणार का?" असं कधी विचारत नाही. त्याला "हो" म्हणावं लागतं आणि तो पुन्हा येत नाही. मी आधी विचारतो, "सिगरेटमधलं तुम्हाला काय आवडतं?" लोक चमकतात, कारण आजवर हे कोणी विचारलेलं नसतं. मग मोकळेपणाने सांगतात. डोकं शांत होतं, मित्र भेटतात, कामातून दोन मिनिटं सुटका होते. हे सगळं बोलून झाल्यावर "आणि न आवडणारं?" असं विचारलं की त्याचंही उत्तर खरं येतं.

दुसरा प्रश्न असा. सोडायची तयारी शून्य ते दहामध्ये किती? समजा कोणी म्हणालं चार. तर "दहा का नाही?" असं विचारायचं नाही. विचारायचं, "एक किंवा दोन का नाही, चार का?" मग तो माणूस स्वतःच्या तोंडाने कारणं द्यायला लागतो. जिना चढताना दम लागतो, मुलगी जवळ बसत नाही, महिन्याचे पैसे जातात. आम्ही दिलेल्या दहा कारणांपेक्षा त्याचं स्वतःचं एक कारण जास्त दिवस टिकतं. यात कसलीही चलाखी नाही. माणसाच्या मनात सोडावं आणि ओढावं हे दोन्ही एकाच वेळी असतं. आपण "सोड" म्हटलं की तो "ओढू दे"ची बाजू घेऊन बोलायला लागतो. तुमच्या घरात हेच होत असणार.

तुम्ही एवढं करा. शर्टाचा वास घेणं, पाकीट तपासणं, सिगरेटी मोजणं थांबवा. निवांत वेळी एकदाच सांगा, "मला काळजी वाटते. तुम्ही ठरवाल तेव्हा मी बरोबर आहे. माझी काय मदत हवी ते तुम्ही सांगा." आणि घरात, गाडीत ओढायची नाही एवढा एकच नियम सगळ्यांच्या संमतीने ठरवा. तो बहुतेक जण मान्य करतात आणि तेवढ्यानेही रोजच्या सिगरेटी कमी होतात.

कऱ्हाडचा_बापू

धागा चांगला आहे, पण माझं मत वेगळं आहे. आमचे वडील दिवसाला दोन बंडल विड्या ओढायचे. एका आषाढीला पंढरपूरला गेले, माळ घातली आणि त्या दिवसापासून मरेपर्यंत विडीला हात लावला नाही. कुठला कोच आणि कुठलं काय. मनात असेल तर माणूस सोडतोच. मनात नसेल तर कोणी कितीही फोन करा.

भोसरीकर

बापू, तुमच्या वडिलांना मनापासून नमस्कार. माझ्या आजोळीही माळकरी आहेत, त्यामुळे तुम्ही म्हणता ते मी पाहिलेलं आहे. पण माळ घातल्यानंतर काय होतं तेही पाहिलंय. गावात सगळ्यांना कळतं. दर एकादशीला, काकड्याला, भजनाला तीच माणसं भेटतात आणि त्यातलं कोणी विडी पुढे करत नाही. पुढच्या वारीला त्याच दिंडीत चालायचं असतं. माळ घालायचा दिवस आधीपासून ठरलेला असतो, मनाची तयारी झालेली असते. वडिलांच्या मागे अख्खा फड उभा होता. भोसरीत भाड्याच्या खोलीत राहून तीन शिफ्टमध्ये काम करणाऱ्या पोराच्या मागे कोण आहे? त्याच्यासाठी फोनवरचा तो एक माणूस फार मोठा आधार असतो.

डॉ_कृष्णाकाठ

बापूंच्या मुद्द्यावर थोडी आकड्यांची भर घालते. कोणतीही मदत न घेता सिगरेट सोडायचा प्रयत्न करणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरात साधारण तीन ते पाच असतात. तुमचे वडील त्यांतले, आणि अशी माणसं प्रत्येक गावात असतात म्हणूनच ती आपल्या लक्षात राहतात. उरलेल्या पंचाण्णवांच्या गोष्टी कोणी सांगत नाही. समुपदेशनाने यशाचं प्रमाण वाढतं, औषधाने वाढतं, आणि दोन्ही एकत्र दिलं तर सर्वात जास्त वाढतं. हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

आता रुग्णांना मी रोज सांगते त्या दोन-तीन गोष्टी, कारण या बाबतीत लोकांची फसगत होताना पाहते.

निकोटिनचा च्युइंगम नेहमीच्या गमसारखा चघळायचा नसतो. सावकाश चावायचा, तोंडात तिखट, झिणझिण्या आल्यासारखं लागलं की चावणं थांबवून गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायचा. चव गेली की पुन्हा थोडा चावायचा, पुन्हा ठेवायचा. असं अर्धा तास. निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जातं. भराभर चावून लाळ गिळली तर ते पोटात जातं, उचकी लागते, जळजळ होते आणि माणूस म्हणतो की गमचा काही उपयोग नाही. गम खाण्याआधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबूसरबत नको. आंबट पदार्थांनी शोषण कमी होतं. उठल्यापासून अर्ध्या तासात सिगरेट लागणाऱ्याला २ मिलिग्रॅम बहुधा पुरत नाही, त्याने ४ मिलिग्रॅमबद्दल डॉक्टरांना विचारावं. साधारण बारा आठवडे घ्यायचा, हळूहळू कमी करत बंद करायचा. दोन आठवड्यांत बरं वाटलं म्हणून तो एकदम सोडणारे पुन्हा टपरीवर दिसतात. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही गोळ्यांची औषधंही आहेत, पण ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. सिगरेटच्या धुरातल्या डांबरामुळे यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जास्त काम करत असतं आणि ते कॅफीनही भराभर संपवतं. सिगरेट बंद झाली की तो वेग उतरतो. मग नेहमीइतकाच चहा-कॉफी घेतला तरी रक्तात कॅफीन बरंच जास्त साठतं. छातीत धडधड, हात थरथरणं, रात्री झोप नाही. रुग्णाला वाटतं हा सिगरेट सोडल्याचा त्रास. म्हणून पहिल्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा. याच कारणाने दम्यासाठी थिओफिलिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि मानसिक आजारासाठी क्लोझापिन घेणाऱ्यांनी सिगरेट सोडण्याआधी आपल्या डॉक्टरांना सांगणं अगदी गरजेचं आहे. त्यांचे डोस बदलावे लागतात. मधुमेहींनीही सुरुवातीला साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासावी.

निवृत्त_मास्तर

डॉक्टर मॅडम, मी साठीत आहे. चाळीस वर्षं ओढली. आता सोडून काय मिळणार? जे व्हायचं ते आत होऊन गेलं असेल.

डॉ_कृष्णाकाठ

मास्तर, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून तिथल्या हजारो डॉक्टरांच्या धूम्रपानाची आणि आयुष्याची नोंद ठेवली. पन्नास वर्षांचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. आयुष्यभर ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांनी ती जवळजवळ सगळी वर्षं परत मिळवली, चाळिशीत सोडणाऱ्यांनी नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत सोडणाऱ्यांनी तीन. तुमच्यासाठी तीन वर्षं आहेत, आणि त्या वर्षांत जिना चढायला येणारा दम वेगळा. हृदयविकाराचा वाढलेला धोका एका वर्षात साधारण निम्म्यावर येतो. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या धोक्याला निम्मं व्हायला दहाएक वर्षं लागतात, म्हणून त्याची सुरुवात जितकी लवकर तितकी बरी. एकदा स्पायरोमेट्री करून घ्या. नळीत जोरात फुंकायची साधी तपासणी आहे, फुफ्फुसाची ताकद किती उरली आहे ते कळतं.

लेस्टरवासी

इथल्या अनुभवाबद्दल लिहिते. मी इंग्लंडमध्ये नोकरीला आले आणि थंडीत, एकटेपणात सिगरेट वाढली. बाई ओढते म्हटल्यावर घरी कोणाला सांगायची सोय नव्हती, त्यामुळे सोडायलाही कोणाची मदत मागता येत नव्हती. शेवटी इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या सिगरेट सोडवणाऱ्या केंद्रात नाव घातलं. आठवड्याला एकदा सल्लागाराची भेट, साधारण तीन महिने.

प्रत्येक भेटीत ती माझ्या हातात एक छोटं यंत्र द्यायची. श्वास थोडा रोखून त्यात फुंकायचं, की श्वासातला कार्बन मोनॉक्साइड किती ते आकड्यात दिसतं. न ओढणाऱ्यांचा आकडा दहाच्या खाली असतो. माझा पहिल्या दिवशी त्याच्या दुपटीहून वर होता. सोडल्यानंतरच्या भेटीत तो न ओढणाऱ्यांइतका झाला. खोकला अजून होता, वजन वाढत होतं, मूड वाईट होता, सोडल्याचा फायदा कुठेच जाणवत नव्हता, पण यंत्रावर तो स्पष्ट दिसला. हा वायू एक-दोन दिवसांतच रक्तातून निघून जातो हे मला माहीत नव्हतं.

भारतात माझ्यासारख्या ज्या मुली-बायका चोरून ओढतात त्यांनी फोनचा मार्ग जरूर घ्यावा. समोरच्याला तुमचा चेहरा दिसत नाही आणि तो तुमच्याबद्दल मत बनवायला बसलेला नाही.

पुण्यातला_आयटीवाला

लेस्टरवासी, इंग्लंडमध्ये व्हेप म्हणजे ई-सिगरेट देतात असं ऐकलं, खरं का? मग आपण सिगरेट सोडून व्हेप का घेऊ नये?

लेस्टरवासी

हो. २०२३ मध्ये इथल्या सरकारने दहा लाख सिगरेट ओढणाऱ्यांना व्हेपचं किट आणि सोबत समुपदेशन देण्याची योजना जाहीर केली. मात्र ते आधीपासून ओढणाऱ्या प्रौढांसाठी आणि सिगरेट पूर्ण बंद करण्यासाठी. न ओढणाऱ्या मुलांच्या हातात ते जाऊ नये याची इथेही मोठी काळजी आहे.

डॉ_कृष्णाकाठ

आणि भारतात २०१९ पासून ई-सिगरेटच्या उत्पादनावर, विक्रीवर आणि साठ्यावर बंदी आहे. इथे जे मिळतं ते चोरट्या मार्गाने आलेलं. आत काय आहे, निकोटिन किती आहे याची कसलीही खात्री नाही. आपल्याकडे निकोटिनचा गम आणि त्वचेवर चिकटवायचा पॅच औषधाच्या दुकानात राजरोस मिळतात, तेच वापरा.

सोलापूरची_सून

सगळे सिगरेटवरच बोलताय म्हणून लिहिते. आमच्याकडे सासूबाई, चुलत सासूबाई, शेजारच्या मावशी सगळ्या मिश्री लावतात. गल्लीतल्या कितीतरी बायका विड्या वळतात, दिवसभर तंबाखू मांडीवरच्या सुपात असतो. सासूबाईंना सकाळी मिश्री लावल्याशिवाय शौचाला होत नाही. त्यांना हे व्यसन वाटतच नाही, दात घासणं वाटतं. त्या नंबरवर मिश्रीसाठी मदत मिळते का?

गोदाकाठ

ताई, मिळते. विडी, मिश्री, गुटखा, मळलेला तंबाखू सगळ्यासाठी. तुम्ही मुद्दा मांडलात ते फार बरं झालं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ १०० पैकी ४ सुद्धा नव्हते, ३.८ टक्के. पण कुठल्याही रूपात तंबाखू घेणारे २६.६ टक्के. म्हणजे आपल्याकडचं मोठं काम तोंडातल्या तंबाखूचं आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत बहुतेक तेच असतात.

सासूबाईंचा शौचाचा त्रास खरा आहे, त्यावर हसू नका. निकोटिन आतड्यांना चालना देतं, ते बंद झालं की बद्धकोष्ठ होतो. मिश्री बंद करायच्या आठवडाभर आधीपासून रात्री इसबगोल, उठल्यावर कोमट पाणी, जेवणात भाजी-भाकरी वाढवा. एकेक वेळची कमी करा आणि सकाळची सर्वात शेवटी. त्यांच्या दातांसाठी मऊ ब्रश आणि पेस्ट त्यांच्यासमोर ठेवा, म्हणजे हाताला करायला काम राहील. जिभेवर, गालाच्या आत पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड पूर्ण न उघडणं यांपैकी काही असेल तर मात्र वाट बघू नका, सोलापूरच्या सरकारी रुग्णालयात दंत विभागात दाखवून घ्या.

कोकणकडा

मी तिसऱ्या महिन्यात घसरलो. गणपतीला गावी गेलो होतो. आरती-भजन झालं, रात्री पडवीत सगळे चुलतभाऊ बसले, एकाने पाकीट पुढे केलं आणि मी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी इतकी खंत वाटली की आता कोचना तोंड कसं दाखवायचं असं झालं. त्यांचा फोन आला तेव्हा सांगून टाकलं.

ते रागावले नाहीत आणि "असू दे, होतं असं" म्हणून सोडूनही दिलं नाही. त्यांनी विचारलं, "किती ओढल्या? राहिलेलं पाकीट आता कुठे आहे? तुमच्याकडे तर नाही ना?" मग तासभर आधी काय काय झालं ते क्रमाने सांगायला लावलं. झोप किती झाली होती, जेवण झालं होतं का, दारू होती का, कोण शेजारी बसलं होतं. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की प्रवासाचा शीण होता आणि गावी जायची कसलीच तयारी केली नव्हती. घर आणि ऑफिस दोन्हीचं नियोजन पक्कं होतं, गावचं राहून गेलं होतं. त्यांनी सांगितलं की एक सिगरेट ओढली म्हणजे आधीचे तीन महिने वाया गेले नाहीत, पण दुसरी ओढायची की नाही हा निर्णय आत्ताच्या आत्ता घ्यायचा आहे. शिमग्याला जाताना मात्र तयारी करून गेलो. भावांना आधी फोन केला, खिशात गम, आणि भजन झालं की झोपायला वर. नाही ओढली.

कऱ्हाडचा_बापू

कोकणकडा, तुमचं वाचून एक विचार आला. वडिलांच्या बरोबरीने माळ घातलेल्या आमच्या एका काकांनी दोन वर्षांनी माळ काढून ठेवली होती. विडी पुन्हा सुरू झाली आणि लाजेने त्यांनी भजनाला येणंच बंद केलं. तेव्हा त्यांच्या घरी जाऊन "काय झालं, कधीपासून" असं कोणी विचारलं नाही. भोसरीकर, तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. माझ्या पुतण्याला हा धागा पाठवतो. तो चाकणला असतो, रात्रपाळीत ओढायला शिकलाय.

भोसरीकर

बापू, नक्की पाठवा. पुतण्याला सांगा की रात्रपाळीत झोप आवरायला सिगरेट ओढतात तिथे पहाटे तीन-चारची वेळ सर्वात अवघड असते. मी त्या वेळी तोंडावर गार पाणी मारून शॉप फ्लोअरवर एक फेरी मारायचो आणि भाजलेले फुटाणे खायचो. फोनची सेवा सकाळी आठ ते रात्री आठ आहे, त्यामुळे रात्रीसाठीचं उत्तर दिवसा बोलून ठेवावं लागतं.

रानजाई

गोदाकाठ दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. मोजणं आणि तपासणं पूर्ण बंद केलं. काही दिवस ते माझ्याकडे संशयाने बघत होते. मग एका रविवारी एवढंच म्हटलं की काळजी वाटते, ठरवाल तेव्हा बरोबर आहे. तेव्हा काही बोलले नाहीत. काल रात्री स्वतःहून म्हणाले, "तो पाकिटावरचा नंबर खरंच लागतो का गं?" येत्या सोमवारपासून सोडतो म्हणतायत. लेकीला अजून काही सांगितलेलं नाही, त्यांनीच सांगावं असं वाटतं. सोमवार ठीक आहे ना?

गोदाकाठ

ताई, वाचून फार आनंद झाला. फक्त सोमवार नको, त्या दिवशी ही सेवा बंद असते. आधी या आठवड्यात एकदा फोन करून त्यांना नाव नोंदवू दे, वही सुरू करू दे. सोडायची तारीख पुढच्या मंगळवारी किंवा बुधवारी ठेवा, म्हणजे दुसरा आणि तिसरा दिवस सेवा चालू असताना येईल. पुढचे फोन तिकडूनच येतात. अनोळखी नंबर म्हणून ते कापतील, तर पहिला फोन आला की नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये नाव घालून ठेवायला सांगा. आणि गम घेणार असतील तर सोडायच्या आदल्या दिवशीच आणून ठेवा.